अर्धा स्पीकर भिंतीत असतो



मागच्या भागात आपण जलाहळ्ळीच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे बीईएलमध्ये, बनणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "कर्नलसाहेब, व्हॉल्व्हचं ठीक आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे ते कपाटाएवढे स्पीकर लोक अजून का सांभाळतात? ते खरंच चांगले वाजतात, की सगळा आठवणींचा खेळ?"

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. स्पीकर हे अर्धं वाद्य आहे, उरलेलं अर्धं म्हणजे ती खोली. जुने उत्तम स्पीकर एका ठरावीक मापाच्या खोलीसाठी आणि एका ठरावीक ताकदीच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बनले होते. ती जोडी जमली तर आजही ऐकणारा गप्प होतो. मोडली, तर लाखाचा स्पीकर डबा वाटतो. ज्यांना घाई नाही त्यांनी चहा घेऊन बसावं, कारण ही गोष्ट अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत सुरू होते आणि आफ्रिकेतली एक चकमक बघून आमच्या बसवनगुडीत येते.

सुरुवात वॉटपासून करू. १९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याचा आराखडा मांडला. कागदाचा शंकू, त्याच्या बुडाशी तारेचं वेटोळं, आणि ते वेटोळं चुंबकाच्या अरुंद फटीत. प्रवाह मागेपुढे झाला की वेटोळं हलतं, त्याबरोबर शंकू, त्याबरोबर हवा. शंभर वर्षांत यात मुळातला बदल झालेला नाही. तुमच्या टीव्हीत आणि गाडीत हेच यंत्र आहे. पुढच्या वर्षी तो रेडिओला १०४ या नावाने बाजारात आला. पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर होता, एखाद्या वॉटचा.

एक वॉट! आज हजार-दोन हजार रुपयांत शंभर वॉट लिहिलेली पाटी मिळते (त्यातले किती खरे, हा वेगळा विषय). त्या काळी वॉट सोन्यासारखा होता. मोठे व्हॉल्व्ह महाग, ते तापत, लवकर जळत. म्हणून मिळालेल्या प्रत्येक वॉटमधून जास्तीत जास्त आवाज काढणं हीच स्पीकर बनवणाऱ्याची परीक्षा. १९३१च्या मार्चमध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. त्या जमान्यातल्या बोलपटगृहांत पडद्यामागे प्रचंड कर्णे असत, कारण अख्खं थिएटर थोडक्या वॉटवर भरायचं होतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ३००बी हा व्हॉल्व्ह, ज्याच्यासाठी आजही शौकीन घरदार विकायला निघतात, तो एकटा जेमतेम आठ वॉट देतो.

कर्णा का? तोंडाभोवती दोन्ही हात धरून हाक मारली की ती लांब जाते, तेच. पण खालचे स्वर, म्हणजे खर्ज, कर्ण्यातून काढायचे तर कर्ण्याचं तोंड खोलीएवढं लागतं. घरात ते मावणार कसं? यावरचा उपाय काढला पॉल क्लिप्श याने. दुसऱ्या महायुद्धात हा अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या होप गावी, तोफगोळ्यांच्या चाचणीच्या तळावर, लष्करी अधिकारी होता. त्याने कर्णा घडी घालून पेटीत बसवला आणि ती पेटी खोलीच्या कोपऱ्यात ढकलली. कोपऱ्यातल्या दोन भिंती म्हणजेच कर्ण्याचा पुढचा भाग. लाकडाचा खर्च वाचला, घराच्या भिंतीच कामाला लावल्या! १९४६ साली त्याने कंपनी काढली आणि पुढे त्याच तळावरच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत कारखाना नेला. क्लिप्शहॉर्न आजही बनतो. त्याला एक वॉट दिला तर एक मीटरवर सुमारे १०४ डेसिबल आवाज मिळतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे सिग्नल्सवाला म्हणून जरा आमच्या जातकुळीचं कौतुक करू द्या. युद्धानंतर घरगुती स्पीकरमध्ये जी क्रांती झाली, तिच्यातली बरीच माणसं लष्करी रेडिओवर हात बसलेली होती. बोस्टनजवळ अ‍ॅकॉस्टिक रिसर्च ही कंपनी उभी करणारा एडगर विल्चर युद्धात न्यू गिनीत लष्कराची रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं सांभाळत होता. बॉवर्स अँड विल्किन्समधले जॉन बॉवर्स आणि रॉय विल्किन्स ब्रिटिश रॉयल सिग्नल्समध्ये एकमेकांना भेटले. युद्धानंतर त्यांनी वर्दिंग गावात रेडिओचं दुकान टाकलं. बॉवर्सने एका वृद्ध गिऱ्हाईक बाईंसाठी मन लावून स्पीकर बनवून दिले. त्या गेल्यावर मृत्युपत्रात त्याच्यासाठी पैसे ठेवलेले निघाले, आणि त्यातून १९६६ साली कंपनी उभी राहिली. टॅनॉयचं नाव तर इंग्रजी शब्दकोशातच जाऊन बसलं. ब्रिटिश छावण्यांत आणि विमानतळांवर हुकूम सांगणारा भोंगा म्हणजे 'टॅनॉय'. हे नाव टँटेलम आणि शिसं यांच्या मिश्रधातूवरून आलं, कारण कंपनीची सुरुवात विजेचे रेक्टिफायर बनवण्यातून झाली होती.

यात योगायोग थोडा आणि शिक्षण जास्त आहे. लष्करी रेडिओवर संगीत नसतं, माणसाचा आवाज असतो, आणि तो खरखरीतून, तोफांच्या गडगडाटातून समजला पाहिजे. 'स' आणि 'श', 'त' आणि 'प' यांतला फरक दोन हजार हर्ट्झच्या आसपास आणि वरच्या पट्टीत ठरतो. तिथे गोंधळ झाला तर 'सात' ऐकायचं ते 'पाच' ऐकू येतं आणि तोफ भलतीकडे डागली जाते. ज्यांचे कान या शाळेत तयार झाले, त्यांनी घरच्या स्पीकरकडूनही आधी माणसाचा आवाज खरा मागितला. जुन्या स्पीकरवर गाणं ऐकताना गायक समोर बसल्यासारखा वाटतो असं लोक म्हणतात, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

ब्रिटनमध्ये १९५०चं दशक या छंदाचा सुवर्णकाळ होता. यॉर्कशरचा गिल्बर्ट ब्रिग्ज याने १९३२ साली व्हार्फडेल सुरू केली होती. पेटीच्या भिंती थरथरू नयेत म्हणून त्याने प्लायवूडच्या दोन फळ्यांच्या मधे वाळू भरली. (वाळूचा उपयोग आम्हाला गोळी अडवायला माहीत, त्याने सूर अडवला.) १९५४ साली त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये तिकीट लावून कार्यक्रम केला. समोर खरे वादक आणि त्यांचंच ध्वनिमुद्रण, आळीपाळीने. टॅनॉयने १९४७ साली मोठ्या शंकूच्या मध्यातूनच बारीक आवाजाचा कर्णा काढला, म्हणजे खालचे-वरचे सूर एकाच बिंदूतून. आणि हंटिंग्डनच्या पीटर वॉकरने १९५७ साली शंकूच काढून टाकला. त्याच्या क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा काही हजार व्होल्टवर ताणलेला असतो आणि तो अख्खा पडदा हलतो. दिसायला खोली तापवायच्या हीटरसारखा. १५ वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर, मोठ्या आवाजाची हौस न धरता, त्यावर एकट्या माणसाचं गाणं ऐकावं. माझ्या मते त्या बाबतीत त्याच्यापुढे आजही फार थोडे स्पीकर जातात. त्याला दमट हवा सोसत नाही आणि पाठीमागे मोकळी जागा लागते. मुंबईच्या खोलीत त्याचं कसं व्हावं ते तुम्हीच ठरवा.

मग हे अजस्र स्पीकर गेले का? दोन कारणं. १९५४ साली विल्चरने हवाबंद छोट्या पेटीत वूफर बसवला आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं राबवलं. पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या पेटीतून खर्ज येऊ लागला. किंमत मोजावी लागली ती वॉटमध्ये. असे स्पीकर वीज पितात. पण तोवर ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर मिळू लागले होते, आणि पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्तच केला. दुसरं कारण म्हणजे १९५८च्या सुमारास आलेली स्टिरिओ रेकॉर्ड. आता एकाच्या जागी दोन पेट्या हव्यात, म्हणजे एकाच भिंतीला दोन मोकळे कोपरे! कुठल्या घरात मिळतात? एकीकडे दार, दुसरीकडे देव्हारा.

भिंत मात्र कुणालाच विसरता आली नाही. बंगालमधून इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेला गेलेल्या नोनी गोपाल बोस या क्रांतिकारकाचा मुलगा अमर बोस. एमआयटीतल्या या प्राध्यापकाने १९६८ साली बोस ९०१ काढला. त्यात नऊ छोटे स्पीकर. एक श्रोत्याकडे तोंड करून आणि आठ चक्क मागच्या भिंतीकडे. सभागृहात आपल्यापर्यंत येणारा बहुतेक आवाज भिंतींवरून परतून येतो, मग घरातही तसाच येऊ दे, असा त्याचा विचार. काही लोक त्यावर फिदा झाले, काहींनी नाकं मुरडली. मला वाटतं दोघंही आपापल्या खोलीबद्दल बोलत होते.

आता आपल्या गावात येऊ. बसव म्हणजे नंदी, गुडी म्हणजे देऊळ. केंपेगौडाच्या काळापासूनच्या मोठ्या नंदीच्या देवळावरून या भागाला नाव पडलं. वस्ती मात्र नवी. म्हैसूर सरकारने १८९०च्या दशकात बसवनगुडी आणि मल्लेश्वरम अशा दोन वसाहती आखल्या आणि १८९८च्या प्लेगने पेठेतल्या दाटीतून लोकांना इकडे ढकललं. त्यामुळे आखणीतच हवा आणि उजेड आहे. रुंद रस्ते, मोकळ्या मागच्या गल्ल्या, घराभोवती आवार. घरांची छतं उंच, बारा-तेरा फूट सहज. लाकडी वाशांवर उभ्या विटा आणि चुना घातलेली, ज्याला मद्रास टेरेस म्हणतात. खाली लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरची वीज १९०५ साली बेंगळुरूत आली, आणि त्याच साली इथली गायन समाज ही संस्था सुरू झाली. म्हैसूरच्या प्राध्यापक गोपालस्वामींनी १९३५ साली स्वतःच्या खटपटीने सुरू केलेलं 'आकाशवाणी' केंद्र १९५५ साली बेंगळुरूला आलं. म्हणजे गाणं, वीज, रेडिओ आणि ऐकायला शांत, उंच खोल्या, हे सगळं या शहरात एकत्र जमलं होतं.

त्या खोल्यांचं गणित तुम्ही घरी करून बघू शकता. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये एक ठरावीक सूर घुमतो. तो काढायचा तर ५६५ ला भिंतींमधल्या फुटांनी भागा, उत्तर हर्ट्झमध्ये मिळेल. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, तेरा फूट उंच असा जुना दिवाणखाना घ्या. उत्तरं येतात २८, ३८ आणि ४३. खूप खाली आणि एकमेकांपासून सुटी. आता नव्या फ्लॅटमधली खोली घ्या, अकरा बाय दहा आणि उंची साडेनऊ. उत्तरं ५१, ५६ आणि ५९! तिन्ही घुमारे एकाच जागी दाटीने उभे. त्यात मोठा वूफर सोडलात की तबल्याच्या डग्ग्याची प्रत्येक घिस्सा एकाच सुरात 'बूं' करते. लोक म्हणतात स्पीकर खराब. स्पीकर बिचारा सांगितलेलं काम करतोय.

जुनी खोली निर्दोष असते असं नाही. लाल जमीन आणि चुन्याच्या भिंती वरचे सूर फार परतवतात, टाळी वाजवली तर चिरकते. पण त्या घरांत कापसाच्या गाद्या, झोपाळा, पुस्तकांची कपाटं, उघडी दारं असायची. दोन हजार रुपयांच्या फोमच्या पट्ट्यांनी आज जे साधायला बघतात ते तिथे आपोआप होत असे.

अशा घरांत परदेशी स्पीकर आले कसे, हाही इतिहास आहे. १९९१च्या आधी चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर निर्बंध होते, आणि सीमाशुल्क अनेकदा मूळ किमतीपेक्षा जास्त. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागे अशा देशात टॅनॉय कोण मागवणार? आले ते माणसांबरोबर आले. इंग्लंडमधून परतणारे डॉक्टर, इंजिनिअर, मोहिमांवरून परतणारे अधिकारी, वकिलातीतले लोक यांच्या सामानातून. बाकीच्यांनी देशी वाट धरली. कोलकात्याची सोनोडाइन १९७० साली सुरू झाली, मुंबईची कॉस्मिक होती. मुंबईत डेन्मार्कच्या पीअरलेसच्या नावाचे ड्रायव्हर बनत. ते आणून सुताराकडून सागवानी पेट्या करून घेणारे हौशी गावोगाव होते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे एसपी रोड. पुढे पुण्यातच कॅडेन्स नावाने इलेक्ट्रोस्टॅटिक पडदा आणि साधा वूफर यांची जोडी असलेले स्पीकर बनून परदेशी गेले, आणि कोचीचे रेथम लोथरच्या ड्रायव्हरवर उभे राहिले. हे अचानक झालेलं नाही. त्यामागे वीस-तीस वर्षं पेटी घरी बनवायची सवय होती.

माझ्याकडे येणाऱ्या मंडळींना मी नेहमी दोन टोकं ऐकवतो. एक टोक क्लिप्शसारख्या कर्ण्याचं, १०४ डेसिबल. दुसरं टोक बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला एलएस ३/५ए, सुमारे ८३ डेसिबल. एका फुटाची छोटी पेटी, आत केईएफचे दोन ड्रायव्हर, मुख्य काम निवेदकाचा आवाज तपासणं. दोघांत २१ डेसिबलचा फरक, म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी या छोट्याला सव्वाशेपट वीज लागते. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकला लावला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. या पेटीचा दम त्याच सुमारास संपत येतो. गंमत अशी की बनवणाऱ्यांनी त्याच्या थोडं वर आवाजाला किंचित फुगवटा दिला आहे, त्यामुळे कानाला भरल्यासारखं वाटतं. छोट्या फ्लॅटमध्ये जुनाच स्पीकर हवा असेल तर मी हाच सुचवतो. फ्लॅटचे ते ५१ ते ५९चे घुमारे हा जागेच करत नाही. कमीपणाच इथे गुण ठरतो.

आता जुन्या स्पीकरच्या दुखण्यांबद्दल, कारण नुसतं कौतुक ऐकून कुणी पैसे घालवू नयेत.

पहिलं दुखणं फोमचं. १९७०च्या आसपास अनेक अमेरिकन कंपन्यांनी शंकूच्या कडेला कापडाऐवजी फोमची कड लावली. हवेतल्या ओलाव्याने आणि प्राणवायूने हा फोम आतून सडतो. स्पीकर वापरा नाहीतर पेटीत ठेवा, दहा-पंधरा वर्षांत बोट लावलं की गुळाच्या ढेपेसारखा चुरा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, हवा कोरडी, म्हणून इथे थोडा जास्त टिकतो, इतकंच. दुसरं, क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते वाळतात आणि वरचे-खालचे सूर वाटायची जागाच सरकते. पुष्कळदा लोक ज्याला 'जुन्या स्पीकरचा मऊ आवाज' म्हणतात तो वाळलेला कपॅसिटर असतो. बदलून बघा, मऊपणा जातो आणि गाणारा पुढे येतो.

तिसरी गोष्ट चुंबकाची, आणि इथे आफ्रिका येते. जुन्या स्पीकरमध्ये अल्निको चुंबक असत. अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट. १९७८च्या मे महिन्यात बंडखोर अंगोलाच्या बाजूने झाईरेच्या शाबा प्रांतात घुसले आणि त्यांनी कोल्वेझी हे खाणींचं शहर घेतलं. फ्रेंच फॉरेन लीजनच्या छत्रीधारी सैनिकांनी तिथे उड्या टाकून ते परत घेतलं. लष्करी अभ्यासक्रमांत ही कारवाई शिकवतात. पण जगाचा फार मोठा कोबाल्ट त्याच प्रांतातून येत होता. भाव भडकले आणि दोन-तीन वर्षांत जेबीएल, टॅनॉय वगैरे कंपन्या फेराइट चुंबकांवर गेल्या. म्हणून शौकीन '१९७८च्या आधीचा' असं शोधतात. अल्निकोत जादू आहे असं मला वाटत नाही. जेबीएलने फेराइटसाठी चुंबकाची रचना नव्याने आखली, आणि ते स्पीकरही सुरेख आहेत. पण भाव जादूवर ठरतो, त्याला माझा इलाज नाही.

या सगळ्याला दुरुस्ती आहे, हे मात्र खरं. जुना ड्रायव्हर स्क्रू काढून बाहेर येतो. शंकू, व्हॉइस कॉइल, खालची जाळीदार चकती जिला स्पायडर म्हणतात, सगळं बदलता येतं. री-कोनिंग करणारे कारागीर फोटोच्या फिल्मची पट्टी कापून फटीत घालतात, कॉइल बरोबर मध्यात आली की डिंक लावतात, वाळला की पट्टी ओढून काढतात. केसाइतक्या फटीचं काम, चष्मा कपाळावर ढकलून. माझ्या ओळखीचे असे दोघेच उरले आहेत आणि दोघंही माझ्यापेक्षा मोठे आहेत. त्यांची मुलं मोबाइल दुरुस्त करतात, आणि पोट भरायला तेच शहाणपणाचं आहे.

नव्या स्पीकरबद्दल अन्याय नको. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत फ्लॉइड टूल यांनी १९७०-८०च्या दशकांत आणि पुढे हारमन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्यासह, स्पीकर पडद्याआड ठेवून माणसांना ऐकवण्याचे प्रयोग केले. नाव, किंमत, आकार दिसला नाही की बहुतेक लोक सपाट आणि सगळ्या बाजूंना सारखा आवाज देणाराच स्पीकर निवडतात, आणि या कसोटीवर आजचा मध्यम किमतीचा चांगला स्पीकर कित्येक जुन्या दिग्गजांना मागे टाकतो. मला हे मान्य आहे. माझं म्हणणं एवढंच की जुना स्पीकर दुरुस्त होतो, थोड्या वॉटवर मोकळा वाजतो आणि मोठी खोली मिळाली तर तिला भरून उरतो. खोलीच राहिली नाही तर यातल्या निम्म्या गुणांचा उपयोग नाही.

आणि खोल्याच जात आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्यापासून दोन रस्ते पलीकडचं एक घर बिल्डरला द्यायचं ठरलं. तिथले आजोबा साठच्या दशकात इंग्लंडला नोकरीला होते. परतताना बोटीने टॅनॉयची पंधरा इंची जोडी आणली होती, कोपऱ्यात बसणाऱ्या तिकोनी पेट्यांत. आयुष्यभर कर्नाटक संगीत ऐकलं, आणि माझ्याशी ओळख झाल्यावर मल्लिकार्जुन मन्सूरही. ते गेले. मुलगा परदेशातून आला आणि मला म्हणाला, "अंकल, एका डीलरने चांगला भाव दिलाय, पण तो फक्त ड्रायव्हर नेणार. पेट्या ठेवून जाणार." ही रीतच आहे. ड्रायव्हर विमानाने पूर्वेकडच्या देशांत जातात, पेट्या सुताराकडे किंवा चुलीत. पेटीशिवाय तो ड्रायव्हर म्हणजे लाकडी खोड नसलेल्या वीणेच्या तारा. पण हे मी त्याला बोललो नाही, कारण नव्या फ्लॅटचा नकाशा त्याने समोर ठेवला होता आणि त्यात कोपरा एकच मोकळा होता.

निर्णय आजींनी घेतला. डीलरचा भाव ऐकून त्या कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, की पेट्या नि आवाज वेगळे करायचे नाहीत, कमी पैसे आले तरी चालतील. मग मी ओळखीच्यांत विचारत सुटलो. चार घरं बघितली. एका ठिकाणी छत खाली, एका ठिकाणी सगळी भिंत काचेची. एका सद्‌गृहस्थांना पेट्यांवर मत्स्यालय ठेवायचं होतं. शेवटी जयनगरमध्ये मुलांना गाणं शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्या. घर जुनं, वर्गाची खोली सतरा बाय चौदा, उंची बारा. डीलरने सांगितलेल्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यात व्यवहार झाला.

तिथेही एका कोपऱ्यात दार निघालंच. पेटीला दोन्ही बाजूंना भिंत हवी, नाहीतर डावा स्पीकर भरलेला आणि उजवा पोकळ वाजणार. दार बंद करायला बाई तयार नव्हत्या. मुलं तिथूनच येतात. सुताराला बोलावून दाराच्या चौकटीलगत चार फूट रुंद आणि पाच फूट उंच अशी प्लायची भिंत उभी केली, बिजागऱ्यांवर, म्हणजे वर्ग सुटला की दुमडता येते. ब्रिग्जची आठवण ठेवून दोन फळ्यांच्या मधे वाळू भरली. वजन इतकं झालं की पहिल्याच आठवड्यात एक बिजागरी वाकली आणि खाली चाक बसवावं लागलं. कपॅसिटर बदलले, एका ड्रायव्हरचं री-कोनिंग त्या दोघांपैकी एकाने केलं आणि आजींना मुद्दाम रिक्षाने ऐकायला नेलं. त्यांनी आधी प्लायच्या भिंतीवर टिचकी मारून बघितली, मग बसल्या.

पुढच्या भागात म्हैसूरच्या गोपालस्वामींचा तो घरगुती ट्रान्समीटर आणि 'आकाशवाणी' हे नाव. भेटू.